वाटेतलं बंदर: शिडाच्या बोटीने मुक्कामाला उतरताना

लांबच्या सफरीत छोट्या बंदरगावी दोन-चार दिवस थांबावं लागतं. कधी पाणी आणि डिझेल भरायला, कधी उसवलेलं शीड शिवायला, कधी झोप पुरी करायला, तर कधी पुढचा वारा अनुकूल होईपर्यंत. अशी गावं बहुतेक वेळा आपलेपणाने वागतात. नवख्यांची गडबड उडते ती शेवटच्या दोन मैलांत आणि धक्क्याजवळच्या शेवटच्या वीस मीटरांत. खोल पाण्यात चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळतो. इथे उथळ पाणी, अरुंद वाट, इतरांच्या बोटी आणि आपली थकलेली माणसं हे सगळं एकाच वेळी समोर येतं. म्हणून क्रम पक्का ठेवायचा: आधी बोट, मग कागद, मग गाव.

निघण्यापूर्वीच बंदर वाचून घ्या

बंदराचा सर्वांत मोठ्या प्रमाणाचा नकाशा घ्या. इलेक्ट्रॉनिक नकाशा असेल तर तो पूर्ण मोठा करून पाहा, कारण लहान केल्यावर त्यातले एकटे खडक दिसेनासे होतात. एका कागदावर हाताने साधं रेखाटन करा: वाट कुठून वळते, कोणता बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) कोणत्या बाजूला राहील, सर्वांत कमी खोली कुठे आहे, मागे फिरायचं ठरलं तर बोट वळवायला जागा कुठे आहे. हा कागद सुकाणूजवळ हवा. वाऱ्यात आणि उन्हात पडद्यावरचं नीट दिसत नाही.

नकाशावरची खोली बहुतेक ठिकाणी जवळजवळ नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, म्हणजे भरतीचं पाणी त्यात मिळवायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमारास भांग असतो. बऱ्याच ठिकाणी दोन्हींचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. उधाणात भरतीचं पाणी जास्त चढतं, पण ओहोटीला तेवढंच जास्त उतरतंही. भांगात सहज तरलेली बोट चार-पाच दिवसांनी त्याच जागी ओहोटीला तळाला टेकू शकते.

मधल्या वेळेचा अंदाज बाराव्या हिश्श्याच्या नियमाने येतो. भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर असेल तर त्याचा बारावा हिस्सा ०.३ मीटर. पाणी पहिल्या तासात ०.३, दुसऱ्यात ०.६, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी ०.९, पाचव्यात ०.६ आणि सहाव्यात ०.३ मीटर चढतं. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं, आणि प्रवाहाची ओढही तेव्हाच सर्वांत जोरात असते. हा नियम जिथे भरती सुमारे सहा तास नियमितपणे चढते तिथेच चालतो. जिथे दिवसातून एकदाच भरती येते किंवा नदीचं पाणी मिसळतं, तिथे स्थानिक तक्ताच पाहावा.

खाडीच्या किंवा नदीच्या मुखाशी वाळू साचून उथळ दांडा तयार झालेला असेल तर वेळेला फार महत्त्व आहे. बाहेरून येणाऱ्या लाटा आणि आतून बाहेर धावणारी ओहोटी समोरासमोर भिडल्या की लाटा आखूड आणि उभ्या होऊन फुटतात. समुद्राच्या बाजूने पाहताना त्यांची फक्त पाठ दिसते, त्यामुळे मुख शांत वाटतं. अशा बंदरात भरतीच्या शेवटच्या एक-दोन तासांत शिरावं: पाणी पुरेसं असतं, ओढ मंदावलेली असते, आणि चुकून टेकलात तरी पाणी अजून चढणार असतं. ओहोटीत टेकलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच आडवे.

अनोळखी बंदरात रात्री शिरू नका. गावातले दिवे, वाहनांचे दिवे, दुकानांच्या पाट्या यांत वाटेचे दिवे हरवतात. उशीर होणार असं दिसलं तर बाहेर मोकळ्या पाण्यात शिडं उलटसुलट लावून बोट थोपवून धरा आणि उजाडायची वाट पाहा. दुसरं एखादं सोपं बंदरही आधीच ठरवून ठेवा. थकव्यात पर्याय सुचत नाहीत, आधी लिहून ठेवलेले मात्र उपयोगी पडतात.

दोन मैल बाहेर असताना

इंजिन आत्ताच सुरू करा आणि एक्झॉस्टमधून थंडाव्याचं पाणी पडतंय ना ते डोळ्यांनी पाहा. गिअर पुढे आणि मागे दोन्हीकडे टाकून बघा. मोठं शीड उतरवलं तरी त्यावर आवरण चढवू नका आणि ते चढवायचा दोर जोडलेलाच ठेवा. वाटेत इंजिन बंद पडलं तर ते शीड आणि नांगर हे दोनच मदतीला असतात. नांगराची पिनही याच वेळी मोकळी करा.

बंदराबाहेर मासेमारीच्या जाळ्यांचे तरंग आणि झेंडेवाले बोये विखुरलेले असतात. एका माणसाला पुढे उभं करून नजर ठेवायला सांगा. दोर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकल्याची शंका आली की गिअर लगेच न्यूट्रलमध्ये घ्या. जोर लावून सुटेल या आशेने इंजिन वाढवलं तर दोर शाफ्टवर घट्ट वेटाळतो आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळून चिकटतो.

व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ वर, किंवा बंदराचा स्वतःचा चॅनल छापलेला असेल तर थेट त्यावर, बंदर कार्यालयाला हाक द्या. बोटीचं नाव, लांबी, ती पाण्यात किती खोल बसते, माणसं किती, मुक्काम किती दिवस, एवढं सांगा आणि जागा विचारा. जवळच्या बोलण्याला १ वॉट पुरतो, २५ वॉट लावण्याची गरज नसते.

बोयांचे रंग जगभर सारखे नाहीत. समुद्राकडून आत येताना युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाच्या बहुतेक भागांत लाल बोया डाव्या हाताला राहतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स इथे तो उजव्या हाताला राहतो. एका भागातून दुसऱ्यात जाणाऱ्यांनी हे सुकाणूजवळच्या कागदावर ठळक लिहावं. वाटेच्या उजव्या कडेने चाला. अरुंद वाटेत २० मीटरांहून लहान बोटीने आणि शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाची अडचण करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिडाला नेहमीच पहिला मान असतो ही समजूत इथे महागात पडते.

पुढचा आणि मागचा असे दोन खांब किंवा दिवे एका रेषेत ठेवून आत जायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: पुढचा, म्हणजे जवळचा आणि खालचा खांब मागच्याच्या डावीकडे सरकलेला दिसला तर बोट डावीकडे वळवायची, उजवीकडे सरकला तर उजवीकडे. आडव्या प्रवाहात बोटीचं तोंड तिरकं राहील, पण खांब एका रेषेत असतील तर वाट बरोबर आहे.

नांगर टाकणं

धक्क्याला जागा असली तरी पहिल्या दिवशी नांगरावर राहणं नवख्यांना बरं. आपटायला काही नसतं आणि गावाची, वाऱ्याची, पाण्याची चाल दुरून पाहता येते.

जागा निवडताना तळ पाहा. वाळू आणि घट्ट चिखल चांगले. गवतात नांगराचं पातं नुसतं सरकतं, खडकात अडकतं. मग इतर बोटी किती साखळी सोडून आहेत ते विचारा. सगळ्या बोटी सारख्या त्रिज्येने फिरल्या तर एकमेकींना लागत नाहीत, त्रिज्या वेगवेगळ्या असतील तर रात्री वारा फिरल्यावर टक्कर होते. ४० मीटर साखळी आणि ११ मीटरची बोट धरली तर फिरण्याची त्रिज्या सुमारे ५० मीटर होते. त्या वर्तुळात पूर्ण ओहोटीलाही पाणी पुरेसं हवं.

साखळीचा हिशोब असा. समजा खोलीमापक पाण्याच्या पृष्ठापासून ५ मीटर दाखवतो, पाणी अजून २ मीटर चढणार आहे आणि साखळी जिथून सुटते तो रोलर पाण्यापासून १ मीटर वर आहे. बेरीज ८ मीटर. सगळी साखळीच असेल तर पाचपट, म्हणजे ४० मीटर. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, ५६ मीटर. जोराचा वारा येणार असेल तर दोन्हींत वाढ. नवखे रोलरची उंची आणि पुढची भरती विसरतात, आणि ५ मीटरांच्या पाचपट म्हणून २५ मीटरच सोडतात. संध्याकाळी बोट स्थिर असते. रात्री पाणी चढलं की साखळीचा कोन उभा होतो आणि नांगर उपटतो. उलट बाजूही तपासा: फरक ३.६ मीटर असेल तर ओहोटीला इथे ३.४ मीटर पाणी राहील, २ मीटर खोल बसणाऱ्या बोटीच्या कीलखाली (तळाच्या पात्याखाली) १.४ मीटर. तुमचा खोलीमापक पृष्ठापासून मोजतो, कीलपासून की सेन्सरपासून, हे एकदा वजन बांधलेल्या दोरीने पडताळून घ्या.

आता कृती. वाऱ्याकडे तोंड करून हळू जा आणि ठरलेल्या जागेवर बोट पूर्ण थांबू द्या. नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा, मग बोट मागे सरकेल तशी साखळी सोडत राहा. एकदम ओतली तर साखळीचा ढीग नांगरावर पडतो आणि पात्यात गुंतते. ठरलेली लांबी गेल्यावर रिव्हर्स गिअरमध्ये आधी मंद, मग मध्यम जोर देऊन किमान अर्धा-एक मिनिट ओढा.

नांगर लागला की नाही हे दोन प्रकारे कळतं. किनाऱ्यावर बोटीच्या बाजूच्या दिशेने एकामागे एक असलेल्या दोन वस्तू पाहा, उदाहरणार्थ एखादा खांब आणि मागची खिडकी. त्या एकमेकींवरून सरकत नसतील तर बोट थांबली आहे. दुसरं म्हणजे रोलरच्या पुढे, पाण्याच्या बाजूच्या साखळीवर तळहात ठेवा. इंजिन ओढत असताना हात विंडलासच्या (साखळी ओढणाऱ्या यंत्राच्या) बाजूला नेऊ नका. नांगर घसरत असेल तर खडबडीत थरथर आणि मधूनमधून धक्के हाताला जाणवतात. नांगर रुतलेला असेल तर साखळी ताठ होते आणि नुसतीच ताणलेली राहते. शंका असेल तर उचला आणि पुन्हा टाका. लोक बघताहेत म्हणून संकोच करू नका, अनुभवी माणसंही तीन-तीनदा टाकतात.

साखळीचा भार विंडलासवर सोडू नका. ७-८ मीटर नायलॉनचा दोर हुकाने साखळीला अडकवून क्लीटवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर) बांधा आणि साखळी त्यामागे सैल सोडा. नायलॉन ताणतो म्हणून झटके बसत नाहीत आणि केबिनमध्ये साखळीची खरखर येत नाही. रात्री सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा, दिवसा काळा गोळा. फोनमधला नांगराचा अलार्म लावताना मध्यबिंदू नांगराच्या जागेचा धरा, बोटीच्या जागेचा नव्हे.

बंदरात बांधून ठेवलेला मुक्कामाचा बोया दिला तर तो कुणाचा आणि किती वजनाच्या बोटीसाठी आहे हे आधी विचारा. शक्य असेल तर डुबकी मारून खालची साखळी आणि जोडकडी पाहा. बोया नवा दिसतो आणि खालची कडी झिजून अर्धी झालेली असते. बोयाला दोन वेगळे दोर बांधा. एकच दोर कडीतून ओवून परत आणला तर तो मागेपुढे घासून रात्रीत तुटू शकतो.

धक्क्याला लागणं

आत वळण्याआधी, बाहेर मोकळ्या पाण्यात सगळी तयारी पूर्ण करा. दोन्ही बाजूंना फेंडर (बोट आपटू नये म्हणून लटकवायचे फुगे), कारण ऐन वेळी बाजू बदलायला सांगतात. चार दोर: पुढचा, मागचा आणि दोन स्प्रिंग. पुढचा स्प्रिंग बोटीच्या पुढच्या क्लीटपासून धक्क्यावर मागच्या दिशेला जातो, मागचा त्याच्या उलट. बोट पुढेमागे सरकू न देण्याचं काम या दोघांचं. दोर कठड्याच्या बाहेरून फिरवून आत आणा. नाहीतर तो कठड्यावर ताणला जातो आणि कठडा वाकतो.

कोण काय करणार हे आधीच वाटून द्या. उडी मारायची नाही, बोट धक्क्याला टेकल्यावर पाऊल टाकायचं. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हातपाय कधीच घालायचे नाहीत. १० टनांच्या बोटीला पायाने थोपवता येत नाही.

वारा आणि प्रवाह यांत ज्याचा जोर जास्त, त्याच्याकडे तोंड करून या. म्हणजे गती कमी ठेवूनही सुकाणू काम करतं. मागून जोर असेल तर बोट थांबत नाही. रिव्हर्स टाकल्यावर पंख्यामुळे पिछाडी एका बाजूला ओढली जाते, उजव्या फिरकीच्या पंख्यात ती डावीकडे जाते. तसा पंखा असेल तर शक्यतो डावी बाजू धक्क्याला लावा, थांबताना पिछाडी आपोआप जवळ येईल.

पहिला दोर बोटीच्या मधल्या क्लीटवरून द्या आणि धक्क्यावर थोडा मागे बांधा. मंद गतीने पुढे इंजिन चालवत सुकाणू धक्क्यापासून दूर वळवलं की बोट त्या एकाच दोरावर धक्क्याला चिकटून उभी राहते, आणि बाकीचे दोर निवांत बांधता येतात. एकटे किंवा दोघेच असलेल्यांनी हे सरावाने हातात बसवावंच.

तरंगता धक्का असेल तर दोर आखूड चालतात. दगडी भिंत असेल तर पाणी उतरेल तशी बोटही उतरते, त्यामुळे पुढचा आणि मागचा दोर लांबवर न्यायचे. लांबी फरकाच्या तिप्पट असावी, ३.६ मीटरला सुमारे ११ मीटर. आखूड दोर ओहोटीत बोटीला भिंतीवर टांगतो आणि क्लीट उपटतो.

दुसऱ्या बोटीला लागून उभं राहायला सांगितलं तर आधी परवानगी मागा. आपले पुढचे-मागचे दोर थेट धक्क्यावर न्या, शेजाऱ्याच्या क्लीटवर सगळा भार टाकू नका. दोन डोलकाठ्या समोरासमोर येऊ देऊ नका, हेलकाव्यात त्यांच्या आडव्या कांड्या अडकतात. धक्क्यावर जाताना शेजाऱ्याच्या बोटीच्या पुढच्या डेकवरून, मऊ तळाच्या बुटांनी जा.

मच्छीमारांच्या जागेत विचारल्याशिवाय कधीही बांधू नका. रिकामी दिसणारी जागा पहाटे परतणाऱ्या बोटीची असते, आणि मासळी उतरवायला झालेला उशीर म्हणजे त्यांचं थेट नुकसान. उलट आधी जाऊन विचारलं तर तळ कुठे चांगला आणि कोणता वारा इथे त्रास देतो हे त्यांच्याइतकं कुणीच सांगू शकत नाही.

कागदपत्रं

दुसऱ्या देशातून येत असाल तर पिवळा क्यू झेंडा वर चढवा. बोटीवर आजार नाही आणि प्रवेशाची परवानगी हवी आहे, असा त्याचा अर्थ. आरोग्य, इमिग्रेशन आणि कस्टम्सचं काम होईपर्यंत बहुतेक देशांत फक्त कप्तानाने उतरायचं असतं. काम झालं की क्यू उतरवून उजव्या बाजूच्या आडव्या कांडीखाली यजमान देशाचा झेंडा लावा, फाटका किंवा उलटा नको.

एका जलरोधक पाकिटात बोटीची नोंदणी, विमा, आधीच्या बंदराचा निर्गमन दाखला, पासपोर्ट, रेडिओ परवाना आणि माणसांच्या यादीच्या पाच-सहा प्रती ठेवा. प्रत्येक कार्यालय एक प्रत ठेवून घेतं. बोटीवरची औषधं, मद्य, प्राणी जसे आहेत तसे जाहीर करा. प्रवेश करता येतो अशी बंदरं ठरलेली असतात. सुंदर खाडी वाटेत लागली म्हणून आधी तिथे थांबलात तर तो बेकायदा प्रवेश ठरू शकतो.

गावात ये-जा आणि भरणी

डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) बांधताना दोर लांब ठेवा म्हणजे इतरांना जागा मिळते. खांबांवर उभ्या धक्क्याखाली ती सरकू देऊ नका. पाणी चढलं की ती वरच्या फळ्यांत अडकून बुडते. मागून छोटा नांगर टाकला की ती बाहेर राहते. इंजिनचा सुरक्षा-दोर मनगटाला किंवा पायाला लावल्याशिवाय सुरू करायचं नाही. परतताना अंधार होणार असेल तर विजेरी आणि लाइफजॅकेट निघतानाच घ्या.

पाण्याचा नळ आधी एक-दोन मिनिटं वाहू द्या, मग वास आणि चव पाहा. आपलीच पाइप वापरा, धक्क्यावरची पाइप कुठे पडली होती ते माहीत नसतं. दोन टाक्या असतील तर एकच भरा आणि दिवसभर वापरून मग दुसरी. म्हणजे पाणी खराब निघालं तरी अर्धं चांगलं राहतं.

डिझेल घेताना आधी काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर ते खाली बसतं आणि सरळ रेषा दिसते. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारा जंतूंचा चिकट थर फिल्टर बुजवतो, आणि तो बुजतो नेमका खवळलेल्या पाण्यात, कारण तेव्हा टाकीचा तळ ढवळला जातो. गाळणी लावून हळू भरा, हवेच्या नळीपाशी फडकं धरा. डेकवर पाण्याचं आणि डिझेलचं झाकण शेजारी असतं. भरणाऱ्याच्या हाती नळी देण्यापूर्वी झाकण तुम्हीच उघडा.

किनाऱ्यावरची वीज घेताना बोटीचा मुख्य स्विच बंद, वायर आधी बोटीला, मग खांबाला. काढताना उलट. गुंडाळी तशीच ठेवून जास्त भार घेतला तर वायर तापून वितळते, म्हणून पूर्ण उलगडा. बरेच दिवस वीज जोडलेली राहिली तर बोटीच्या धातूला गंजण्यापासून वाचवणारे जस्ताचे तुकडे लवकर झिजतात, कारण अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी विद्युत-मंडल पूर्ण होतं. गॅसच्या नळकांड्याचे जोड देशागणिक वेगळे असतात. अर्धं संपलं की भरण्याची चौकशी सुरू करा, रिकामं होण्याची वाट पाहू नका.

सामानाचे पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच रिकामे करा, झुरळांची अंडी त्यांच्या घड्यांतून आत येतात. फळं-भाज्या धुऊन, पूर्ण वाळवून मग ठेवा. प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकायला आंतरराष्ट्रीय बंदी आहे, म्हणून साठलेला कचरा इथेच द्या. शौचाची टाकी बंदरात उघडू नका.

बोट सोडून जवळच्या गावी जायचं असेल तर समुद्राकडच्या सगळ्या झडपा बंद करा, बिल्ज पंपाची (तळात साठलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) बॅटरी तपासा, दोर घासतात तिथे जुन्या पाइपचे तुकडे चढवा आणि चावी व फोन नंबर शेजारच्या बोटीवर द्या. शेजाऱ्याकडे चावी असणं हा बंदरातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

निघताना

हवामान निघायच्या तीन दिवस आधीपासून रोज पाहा. एकच अंदाज पाहून भरवसा ठेवू नका. अंदाज दिवसागणिक बदलत राहिला तर तोच इशारा समजा. ठरलेल्या तारखेला पोहोचायचंच या हट्टापायी लोक वाईट वाऱ्यात बाहेर पडतात. निर्गमनाचा दाखला मिळाल्यावर बऱ्याच देशांत ठरावीक मुदतीत निघावंच लागतं, तेव्हा हवा पक्की झाल्यावरच तो घ्या.

आदल्या दिवशी इंजिनचं तेल, पट्टा आणि समुद्राच्या पाण्याची गाळणी पाहा; बंदरातल्या गवताने आणि पिशव्यांनी ती भरलेली असते. बंदर कार्यालयाचं भाडं चुकतं करा, शेजाऱ्याकडची चावी परत घ्या.

वारा धक्क्याकडे ढकलत असेल तर बोट सरळ बाहेर निघणार नाही. पुढचा स्प्रिंग सोडून बाकी सगळे दोर काढा. पुढच्या टोकाला मोठा फेंडर ठेवा, सुकाणू धक्क्याकडे वळवा आणि अगदी मंद गतीने पुढे इंजिन द्या. दोर ताणला जाईल आणि पिछाडी बाहेर फिरेल. ४५ अंशांच्या आसपास आली की न्यूट्रल, स्प्रिंग सोडा, सुकाणू मधोमध आणि रिव्हर्स. स्प्रिंगचं टोक धक्क्यावरच्या खुंट्याला वळसा घालून बोटीवर परत आणलेलं असेल तर तो बोटीवरूनच सोडता येतो. त्या टोकाला गाठ ठेवू नका, ती खुंट्यात अटकते.

नांगरावर असाल तर इंजिनने हळू पुढे जात साखळी सैल करा आणि विंडलासने फक्त उचला. बोट ओढण्याचं काम विंडलासला देऊ नका. साखळी उभी झाली की क्षणभर थांबा, लाटेचा हेलकावाच नांगर मोकळा करतो. चिखल वर येतानाच धुऊन टाका. फेंडर आत आणि दोर कप्प्यात गेल्याशिवाय बंदराचं तोंड ओलांडू नका. बाहेर पहिली लाट लागली की डेकवरचा सुटा दोर पाण्यात जातो आणि तिथून पंख्यात.